वैतरणीच्या मध्यावर लाईट गेली

मावशीच्या डोहाळजेवणाला व्हिडिओ आणायचं ठरलं, ते चांगल्या हेतूने. गरोदर बाईच्या नजरेला जे पडेल त्याचा पोटातल्या मुलावर परिणाम होतो, असं रोह्यात तेव्हा सगळेच धरून चालत. मावशीच्या खाटेसमोर रांगत्या बाळकृष्णाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. महिना संपला तरी त्याचं पान उलटायचं नाही, अशी तिच्या सासूबाईंची ताकीद होती, कारण पुढच्या पानावर नरसिंह होता. त्यामुळे त्या घरात फेब्रुवारी लांबला होता.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. रोह्याच्या पुढे रेल्वे नेण्याचं काम चालू झालं होतं, पण पॅसेंजर अजून रोह्यालाच संपत असे. आमचं घर पेणला. मावशीचे आईवडील हयात नव्हते, म्हणून आमचं घर हेच तिचं माहेर. बाळंतपणाला ती पेणला यायला हवी होती, पण याआधी तिला दोनदा दिवस राहून गेले होते आणि डॉक्टरांनी या खेपेला प्रवास पूर्ण बंद केला होता. खाट, मोरी आणि स्वयंपाकघराचा उंबरठा, एवढ्यात ती फिरत होती.

काका, म्हणजे मावशीचा नवरा, नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला होता. डोहाळजेवणाच्या दिवशी आईला आणि मला न्यायला तो पेणला आला आणि स्टँडजवळच्या व्हिडिओ लायब्ररीत शिरला. टीव्ही आणि व्हीसीआर रोह्यात भाड्याने मिळणार होते. देवाची कॅसेट मात्र तिथे शिल्लक नव्हती.

"देवाचं काहीतरी द्या," काकाने सांगितलं. "घरात बाई गरोदर आहे."

दुकानदाराने एक कॅसेट काढून दिली. खोक्यावर निळं आकाश होतं, खाली ढग, आणि ढगांतून गरुडावर बसून येणारा विष्णू.

"विष्णूचं आहे," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

गाडीत आईने ते खोकं हातात घेतलं, चित्राला नमस्कार केला आणि पिशवीत नारळाशेजारी ठेवलं. पुढे घरात पाचसहा जणींनी ते पाहिलं. कोणालाच शंका आली नाही. गरुडावरचा विष्णू म्हणजे शुभच.

दुपारी ओटी भरून झाली. मावशी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसलेली होती. समोर सतरंजीवर बायका बसल्या होत्या. शेजारच्या एक काकू पेणच्या खाडीकडच्या, मिठागरात काम करणाऱ्या घरातल्या होत्या. सगळे त्यांना मिठागरवाल्या काकू म्हणत. त्यांच्या जिभेला गल्ली वचकून असे. पडद्यावर क्षीरसागर दिसला आणि त्या म्हणाल्या, "आला गो विष्णू. आता लक्ष्मी पाय चेपाया कवा येते ती बघायची."

लक्ष्मी आली नाही. गरुड आला. हात जोडून त्याने विचारलं, देवा, माणूस मेल्यावर त्याच्या जीवाचं पुढे काय होतं?



"अगो बाय माझे," मिठागरवाल्या काकू म्हणाल्या. "ही ती पोथी हाय."

माणूस गेल्यावर सुतकाच्या दिवसांत घरात जी वाचतात ती ही पोथी. जीव कुठल्या वाटेने जातो, कुठल्या पापाला कुठला नरक, हे तिच्यात सांगितलेलं असतं. एरवी ती घरात ठेवत नाहीत. काही घरांत तिचं नावही घेत नाहीत, आणि आमच्याकडे घेत नाहीत म्हणून इथेही घेतलेलं नाही. तिच्याबद्दल बायकांना दोन नियम पाठ होते. सुतक नसलेल्या घरात ती सुरू करायची नाही. आणि सुरू केली तर अर्ध्यावर सोडायची नाही. या दोन नियमांची एकमेकांशी गाठ पडेल असं कोणाच्या मनात आलेलं नसावं, कारण पुस्तक चुकून सुरू होत नसतं. कॅसेट होते.

"बंद कर रे ते!" सासूबाई ओरडल्या.

"नको नको, आता नाय बंद करायचं," कोपऱ्यातून एक म्हातारी बोलली. "लावलं ते लावलं. अर्धं ऱ्हायलं तर ते घरातून—" आणि मावशीकडे नजर जाताच गप्प झाली.

काका बटणावर बोट ठेवून उभा होता. "ठेवू का बंद करू? एक काय ते सांगा."

एक काय ते कोणीच सांगितलं नाही. उठून जायलाही कोणी तयार नव्हतं; मधेच उठणं हेही अर्धं सोडणंच. मावशीने मान वळवून भिंतीवरच्या बाळकृष्णाकडे पाहायचा प्रयत्न केला. तो तिच्या पाठीमागे आला होता.

"डोळं मीट गो," मिठागरवाल्या काकू तिला म्हणाल्या. "नायतर असं कर, कानात बोटं घाल आन् नुसतं बघ. दोन्ही नको घेऊस, येकच घे."

मावशी हसली. त्या दुपारी ती तेवढीच हसली.

चित्रपट स्वस्तातला होता. यमदूत तालमीतले गडी असावेत. अंगाला फासलेली काजळी घामाने ओघळली होती. मोठ्या कढईखालचा जाळ खरा होता आणि कढईतलं तेल खोटं, हे मलाही कळत होतं. त्याने काही फरक पडत नव्हता. पापी आत पडला की बायका अंग आखडून घेत. सासूला उपाशी ठेवणारीचे दात उपटले गेले, तेव्हा दोन सासवांनी आपापल्या सुनांकडे पाहिलं. एक सून पुटपुटली, "आन् सुनेला उपाशी ठेवणारीचं काय करतात ते कवा दावतील?" पुढच्या प्रत्येक नरकाला ती मान पुढे काढून पाहत राहिली.

मग वैतरणी आली. मेल्यावर जीवाला ओलांडावी लागते ती नदी, रक्ताची आणि पुवाची. जिवंतपणी गाय दान केलेले लोक गायीचं शेपूट धरून पलीकडे चालले होते. एका बाईपाशी गाय नव्हती. ती मध्यावर अडकली, गळ्यापर्यंत बुडाली. तिने एक हात वर केला, आणि लाईट गेली.

चित्र आकसत आकसत एक पांढरा ठिपका झालं. मग तोही गेला.

बायका उठल्या त्या एकमेकींकडे न बघता. कॅसेट बाहेर काढायची सोय नव्हती. लाईट नसेल तर व्हीसीआर ती सोडत नाही. ती यंत्रातच राहिली. लाईट आली तेव्हा सासूबाईंनी टीव्हीवर चादर टाकलेली होती. काकाने कॅसेट काढली, आणि दुसऱ्या दिवशी ती पेणला परत गेली.

इथपर्यंतचं मी पाहिलेलं आहे. त्यानंतरच्या काही आठवड्यांचं आईकडून आणि मावशीकडून ऐकलेलं आहे. माझी सातवीची परीक्षा झाल्यावर मला मावशीच्या सोबतीला रोह्याला धाडलं गेलं, तेव्हा ती पहिल्या दिवशी म्हणाली, "ती बाई अजून तिथंच असेल."

कोण, हे विचारावं लागलं नाही.

मावशी भोळी नव्हती. दहावी पास होती, वर्तमानपत्र वाचत होती. काका तिला समजावायचा.

"अगं, शूटिंग असतं ते. कुणाच्या तरी तळ्यात लाल रंग ओतलेला. कट म्हटल्यावर ती बाई बाहेर आली, अंग पुसलं, चहा प्यायली."

"मला माहीत आहे ते."

"मग?"

"मी नदीला भीत नाय. या घरात ती सुरू झाली आणि संपली नाय, त्याला भिते."

तिचं म्हणणं असं होतं. ती पोथी मेलेल्या माणसासाठी असते. आपण ती कोणी मेलेलं नसताना लावली, म्हणजे आपण आधीच बोलावणं केलं. आता ते घरात कोणासाठी तरी थांबलेलं आहे. घरात सगळ्यांत कच्चा जीव कोणाचा, हे तिला बोलून दाखवायची गरज नव्हती. सातवा सरून आठवा लागला होता. याआधी ती इतक्या पुढे कधी आली नव्हती.

उरलेला भाग पाहून टाकावा, असं तिने एकदा सुचवलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "येकदा सुतकाबिगर लावलंस ते पुरे नाय झालं? पुन्यांदा लावतेस?" त्यांचंही चूक नव्हतं. पुरं करायला घरात सुतक हवं. सुतक यायला कोणीतरी जायला हवं. आणि पुरं न केल्याने कोणीतरी जाणार, हीच तर भीती. काकाने भटजींना विचारलं. ते म्हणाले, पिक्चरला पोथीचे नियम लागत नाहीत. मावशीने शांतपणे विचारलं, "मग पिक्चरमधल्या देवीला बायका नारळ का फोडतात?" काकाने हा प्रश्न भटजींपर्यंत नेला नाही.

मे महिन्यात समोरच्या घरातले आजोबा वारले. वय झालेलं होतं, आजारही जुना. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ओटीवर तीच पोथी सुरू झाली. आमच्या खिडकीपासून ती ओटी हाकेच्या अंतरावर होती.

इथे मावशीची कोंडी पुरी झाली. समोर सुतक होतं, पोथी होती, ती रीतसर सुरू होऊन रीतसर संपणार होती. जाऊन बसली असती तर तिच्या मनासारखं झालं असतं. पण गरोदर बाईने सुतकाच्या घरात पाऊल ठेवायचं नसतं. तिच्या हक्काची पोथी जिथे होती तिथे तिला बंदी होती, आणि जिथे ती बसू शकत होती तिथे पोथीला.

ती खिडकीशी बसायला लागली. वाचणाऱ्याचा आवाज बारीक होता. रिक्षा गेली की बुडून जायचा. मावशी गजाला कान लावून शब्द पकडायची. "कुठपर्यंत आलं? नदी आली का?" मला विचारायची. मला कळत नसे. दोन दिवसांनी सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी खिडकी लावून घेतली, वर कडीला सुतळी बांधली.

"आई, जीव घुसमटतो."

"घुसमटू दे. भायेरचं आत येता नये."

दुसरी खिडकी नदीच्या अंगाला होती. ती मावशीने स्वतःच बंद करवून घेतली होती. भरतीला कुंडलिकेचं पाणी वर चढताना दिसे, आणि पाणी चढताना तिला पाहवत नव्हतं. अशा रीतीने मे महिन्यात त्या खोलीच्या दोन्ही खिडक्या बंद झाल्या. आत मावशी, मी, घामाने ओलं झालेलं अंथरूण आणि फेब्रुवारीतला बाळकृष्ण. मी तिला वाचून दाखवायचे, पत्ते खेळायचे. डाव अर्धा टाकून ती उठायची नाही. गोष्ट अर्धी राहिली तर झोपायची नाही. पाण्याचा पेला तोंडाला लावला की तळापर्यंत प्यायची. मीही हळूहळू तसंच करू लागले. पानात टाकायचं नाही, वाक्य तोडायचं नाही, वेणी अर्धी घालून हाक आली तर ओ द्यायची नाही. दोघींनी मिळून त्या खोलीत असे किती नियम तयार केले, ते आठवत नाही.

समोरची पोथी संपली त्या दिवशी मिठागरवाल्या काकू प्रसाद न घेता आल्या, आणि दारातूनच म्हणाल्या, "उतरली गो ती नदी. मी कान देऊन ऐकलं तुझ्यासाठी."

"कोण उतरलं?"

"जो तो. गाय दिलेली होती त्यांनी."

"आणि ती बाई?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "पोथीत बाई नाय गो बाय. ती पिक्चरवाल्यांनी घातली."

मावशीने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या बाईला पोथीतही जागा नव्हती, म्हणजे तिला सोडवायला ती कॅसेटच लागणार होती.

मे संपता संपता, दिवस पुरे भरण्याआधीच, तिला कळा सुरू झाल्या. रोह्याच्याच प्रसूतिगृहात मुलगी झाली. बारीक होती, पण रडली. काही दिवसांनी दोघी घरी आल्या. पेणहून आई आली. सगळ्यांना वाटलं, आता भीती सरली.

ती सरली नव्हती. मावशी मुलीला जवळ घेत नव्हती. अंगावर पाजायला बसवलं तर आखडून बसायची, आणि मुलगी ओढायची नाही. मग सासूबाई वाटी-चमच्याने पाजायच्या. पाळणा बांधू दिला नाही. आईने आणलेली झबली पिशवीतून बाहेर काढू दिली नाहीत. "थांब," एवढंच म्हणायची. मुलगी किती दिवसांची पाहुणी आहे हे कळेपर्यंत ती तिच्यात गुंतायला तयार नव्हती. तसं ती बोलली नाही, पण बाकी काही अर्थ निघत नव्हता. मुलीचं वजन वाढत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आईचं दूध पोटात गेलं पाहिजे.

आठव्या दिवशी मिठागरवाल्या काकू देवघरासमोरून जाताना थांबल्या. देवांवर फडकं टाकलेलं होतं.

"देव झाकलं व्हय?"

"घराला सोयर हाय ना," सासूबाई म्हणाल्या. "दहा दिस देवाला हात नाय लावायचा."

"बिचारा देव. कोन जन्मला तरी कोंडतात, कोन मेला तरी कोंडतात. सोयर काय आन् सुतक काय, त्याला सारखंच."

त्या थट्टेने बोलल्या आणि पुढे गेल्या. मावशी खाटेवर उठून बसली.

"आई, सोयरात पूजा नाय ना करत?"

"नाय."

"आपल्या हातचं पाणी कोणी घेत नाय ना?"

"नाय गो. का?"

"मग सुतकात न् याच्यात फरक काय?"

"अगो, तिकडं मानूस जातं, हिकडं मानूस येतं! फरक काय इचारतेस?"

"घराला तर दोन्हीकडे तेच लागतं. मग आता ती लावता येईल. दहा दिवसांच्या आत. नंतर पुन्हा येणार नाय."

सासूबाईंनी आधी शिव्या घातल्या, मग रडल्या. सोयरात ती पोथी कोणी लावल्याचं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. पण लावू नये असंही ऐकलं नव्हतं. कोणाला तसं सुचलंच नसेल, तर मनाई कशाला असेल? काकाने बायकोकडे पाहिलं, वाटीतल्या उरलेल्या दुधाकडे पाहिलं आणि चप्पल पायात घातली.

कॅसेट तीच मिळाली. टीव्ही आला, व्हीसीआर आला. दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. काका सेकंड शिफ्टला जाणार होता. पोथी मधूनच वाचत नाहीत, म्हणून सुरुवातीपासून लावायचं ठरलं. सासूबाई स्वयंपाकघरात पाठ करून बसल्या, पण ऐकू येईल अशा. आई, मिठागरवाल्या काकू आणि मी सतरंजीवर. मावशी डोक्याला रुमाल बांधून भिंतीला टेकलेली. मुलगी आतल्या खोलीत निजलेली.

गरुडाने प्रश्न विचारला. वाट आली, कढई आली, दात उपटले गेले. मावशीच्या पापण्या लवत नव्हत्या. दोन्ही हातांनी तिने सतरंजीची कड धरून ठेवली होती. लाईट टिकून होती.

नदीचा काठ दिसला आणि आत मुलगी रडली. आवाज बारीक, मांजराच्या पिल्लासारखा.

"बघते मी," सासूबाई आतून म्हणाल्या. पण गुडघ्यांवर हात ठेवून उठायला त्यांना वेळ लागे. रडणं एकदम तुटलं.

मावशी उभी राहिली.

"बस तू, मी जाते," आई म्हणाली. "अर्ध्यावर उठू नको, अगं, एवढं—"

मावशी आत गेलेली होती. दूध वर येऊन मुलीला ठसका लागला होता, असं नंतर कळलं. पाठ थोपटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग मावशीची हाक, "आई, या लवकर."

सासूबाई धावल्या.

"बघा. ओढतेय. बघा ना कशी ओढतेय."

आई उठली. काका उठला. मिठागरवाल्या काकू पडद्याकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघत राहिल्या, आणि अखेर पदर सावरत उठल्या. "विष्णू बसलाय तसा बसू दे," म्हणाल्या. "तो कुठं जात नाय."

मी बसून राहिले. घरातलं कोणीतरी बसायला हवं होतं. गळ्यापर्यंत बुडालेल्या बाईने हात वर केला; या वेळी लाईट गेली नाही. चित्र तिच्यावरून सरकलं, पलीकडच्या काठावर गेलं. ती पुन्हा दिसली नाही. तिचं काय झालं हे त्यांनी दाखवलंच नव्हतं. काठावर कुणाचा तरी मुलगा पिंड देत होता, ब्राह्मण जेवत होते, मग लांबलचक आरती. आतून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, एकदा तर हसणं. बाहेर कोणी आलं नाही. संपलं का, असं मावशीने विचारलं नाही.

सासूबाई धुरीची शेगडी घेऊन पुढ्यातून गेल्या, परत फिरल्या.

"अजून चाललंय व्हय ते?"

"थोडं राहिलंय."

"सरलं की तो पंखा हिकडं आणून ठेव गो. पोरीला गरम होतंय."

शेवटच्या पाट्या वर सरकून पडदा निळा होईपर्यंत मी थांबले. मग पंखा आत नेला.